दत्तोबाचा हात

१

जेवणं उरकून मास्तर लोक वर आले तेव्हा चार नंबरच्या टेबलावरचं चित्र मेलेलं होतं.

मंदाकिनीबाईंना दुसरा शब्द सुचला नाही. सकाळी त्या कागदावर एक म्हातारा बांधावर बसलेला होता, गुडघ्यावर हात टेकून. आता तिथं चिखल होता. ब्रश धुवायचा डबा शेजारी आडवा पडलेला, आणि तपकिरी पाणी टेबलाच्या कडेवरून फरशीवर टपटपत होतं.

"पंख्यानं पडला असंल डबा," कुणीतरी म्हणालं.

"मांजर असेल."

बारामतीतल्या एका ज्युनिअर कॉलेजचा हा दुसरा मजला. अकरावी-बारावीला चित्रकला शिकवणाऱ्यांचा प्रशिक्षण दिवस होता. बारामती आणि इंदापूर, दोन तालुक्यांतून मिळून सोळा शिक्षक आले होते. तालुके दोन, कॉलेजं ढीगभर आणि चित्रकलेचे मास्तर सोळा. बाकी ठिकाणी चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात आणि वेळापत्रकात मात्र रंगीत चौकोन ठेवतात.

आजचं मुख्य काम साधं होतं. विद्यार्थ्यांच्या चित्रांचे पाच संच नावं झाकून मांडायचे. प्रत्येकानं सगळ्यांना मार्क द्यायचे. मग मार्क ताडून बघायचे, म्हणजे एकाच चित्राला एकानं तीस आणि दुसऱ्यानं नव्वद असं पुढं होऊ नये. चित्रांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे फोन सकाळीच एका टोपलीत जमा केले होते.

कळसचे गोकुळ सर टेबलाशी आले, बघितलं आणि ओल्या फरशीवरच बसले.

"उद्या अकराला मुंबईत मुलाखत हाय माझ्या वर्गातल्या ह्या पोरीची," ते म्हणाले. "कला महाविद्यालयाची. फोटो चालत न्हाय, मूळ कागदच लागतो. रविराज सर म्हणले नमुन्याला एक संच द्या, एका दिवसाचं तर काम हाय. दिला मी. तीनच्या एसटीनं न्यायला येती ती."

घड्याळात दोनला दहा कमी होते.

मंदाकिनीबाईंना काही वाटलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पाहुण्या म्हणून बोलावून सकाळी शाल-नारळ दिला होता, तेव्हाही काही वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, चिंतामणरावांना, स्मशानात पोचवून माणसं परत आली तेव्हा बाई गॅसची शेगडी पुसत होत्या. तेव्हापासून आत कुणीतरी बधिरतेचं इंजेक्शन देऊन ठेवल्यासारखं झालं होतं. दिसत सगळं होतं, फक्त दुखत नव्हतं.

त्यांनी चिखलात बोट बुडवलं. बोट तपकिरी झालं. मग त्यांनी आपल्या पदराचा कोपरा उलटून पाहिला. त्यावर चहाचा वाळका डाग होता. बाकी काही नव्हतं.

"रविराज," त्या म्हणाल्या, "दार लावून घे. खाली कुणी जायचं नाही."

"बाई, अपघात आहे हो."

"असेल. दार लाव."

२

सकाळी झालं होतं ते असं.

दहाला जळोचीच्या कौसल्याबाईंनी जलरंगाचं प्रात्यक्षिक दिलं. कौसल्याबाईंचा हात गोड. वीस वर्षं झाली शिकवतात. त्यांनी बोर्डावर कागद कसा ताणायचा ते दाखवलं. "आधी कागद भिजवा, मग चारी बाजूंनी गमटेप लावा. वाळला की ढोलकीसारखा वाजतो. कोरडा लावलात तर पहिल्या पाण्याला पुरीसारखा फुगेल. आमच्या वर्गात कोरडा कागद लावणाऱ्याला मी उभं करते." सगळे हसले.

मग मार्क द्यायला सुरुवात झाली. रविराज सर, म्हणजे आजचे संयोजक, हातात चहा घेऊन टेबलं फिरत होते. चार नंबरपाशी त्यांनी कप चक्क चित्रावर ठेवला. वीस वर्षांत रंगाला हात न लावलेला माणूसच असं करू शकतो. कप उचलल्यावर म्हाताऱ्याच्या मुंडाशावर चहाचं कडं उमटलं. मंदाकिनीबाईंनी पदराचा कोपरा पाण्यात बुडवला आणि ते कडं पुसून काढलं. चांगलं दोनदा घासून.

"अरे, हे बघा!" रविराज सर तेवढ्यात ओरडले. "हाताला बोटं चार! म्हातारा काढलाय झकास आणि बोटं मोजता येईनात. बारावीचं पोरगं हे! शरीररचनेच्या नावानं शंख. माझ्याकडून चाळीस."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठून बघायला गेले. गोकुळ सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या विद्यार्थ्याबद्दल बोलायचं नाही असा नियम होता.

"पाच असतील हो सर," कौसल्याबाई जागेवरूनच पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या. "एखादं मुडपलं असेल. चित्र चांगलंय, उगाच चाळीस काय देता?"

मंदाकिनीबाईंनी आधीच मोजली होती. चारच होती. अनामिकेच्या जागी एक थोटूक होतं, आणि त्या थोटकावरची कातडी पोरीनं चकचकीत काढली होती. जखम भरून आल्यावर ती जशी ताणून चमकते, अगदी तशी. असं मनानं काढता येत नाही. समोर बसून बघावं लागतं. बाईंनी चौऱ्याण्णव लिहिले होते.

३

शेजारच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि अभिप्रायाच्या फॉर्मचा गठ्ठा होता. 'आजच्या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?' असा प्रश्न आणि खाली तीन ओळी. तीन ओळींत मावेल इतकंच शिकायचं, असा हिशेब असावा. बाईंनी तिथं एकेकाला बोलावलं.

पहिला आला पुष्कर. पुण्याहून बोलावलेला तज्ज्ञ, बत्तीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र.

"मॅम, मी नऊ वाजता पोचलो. ही चित्रं मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी पाहिली. जेवताना मी रविराज सरांच्या शेजारीच होतो."

"सर मधे उठले?"

"प्रोजेक्टरची किल्ली आणायला एकदा. पाच मिनिटं."

"बरं, जा तू. पुढच्या वेळी चोपन्न स्लाइड आणू नकोस."

रविराज सर आले ते रुमालानं मान पुसतच.

"बाई, प्रकरण वाढवू नका. वर अहवाल जातो. पोरीला मी स्वतः पत्र देतो की कागद अपघातानं खराब झाला."

"त्या पत्राला रंग लावून देशील?"

त्यांनी रुमाल खिशात कोंबला.

"संच तुझ्याकडं कधी आले?"

"गोकुळनं त्याचा गेल्या शनिवारी दिला, बाकीचेही तेव्हाच आले. नावं झाकून नंबर टाकायचं काम कौसल्याबाईंकडं होतं. त्या घरी घेऊन गेल्या. मंगळवारी मला आणून दिले, तेव्हापासून माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडं." मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. "बाई! मी कशाला पाणी ओतू? चाळीस मार्क दिले म्हणून?"

गोकुळ सर भाकरीचं फडकं हातात घेऊनच बसले. ते खाली जेवायला गेलेच नव्हते. पायरीवर बसून घरची भाकरी खाल्ली होती.

"पायरीवरून हॉलचं दार दिसतं?"

"न्हाय बाई, वळणाच्या खाली बसलो हुतो. वर रविराज सर गेलं, आलं. कौसल्याबाई ब्रश धुवायला गेल्या, आल्या. त्यांना वेळ लागला जरा. मीबी एकदा पाणी प्यायला गेलो. मग मलाबी धरा."

"धरलंयच. म्हातारा कोण आहे चित्रातला?"

"दत्तोबा. पोरीचा आजा. वैरणीच्या मशिनीत बोट गेलं त्याचं, पंधरा वर्सं झाली. मी त्याच्याच हातनं तंबाखू मळून घेतो की. पोरगी तीन म्हयने त्याच्या म्होरं बसून काढत हुती. म्हातारा म्हणायचा, आगं काढ ते पाचवं बी, फुकट तर हाय." ते हसायला गेले आणि ते हसू जमलं नाही.

"रंग कुठले वापरते?"

"पोस्टर कलर. ॲक्रिलिक परवडतंय व्हय? त्यात फेविकॉल घालती. कुणी शिकवलं न्हाय, तिचं तिनंच काढलं. म्हणती सर, वाळल्यावर पाणी मारलं तरी निघत न्हाय." ते बोलता बोलता थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. "बाई..."

"बोलू नकोस," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कौसल्याला पाठव."

४

कौसल्याबाई शांत होत्या. साडीच्या निऱ्या जशा सकाळी तशाच.

"फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "डबा माझाच होता. प्रात्यक्षिकानंतर मी तो चार नंबरवर ठेवायला नको होता. माझी चूक आहे, मी मान्य करते."

"लेक कशी आहे, इरा?"

"बरी आहे." मग पदर सारखा करत, "तिचीही उद्याच मुलाखत आहे. तिथंच."

"चित्रं झाली तयार?"

"झाली की. तीन वर्षं पुण्याला क्लास लावलाय. दर रविवारी मी घेऊन जाते. तुम्हाला कल्पना नाही बाई, काय काय करावं लागतं."

"नाही, मला कल्पना आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

खरंच होती. मुलगा अद्वय चौदा वर्षांचा असताना त्यानं एक बकरी काढली होती. पाय वाकडे होते. बाईंनी खोडरबर घेऊन ते सरळ करून दिले. पुढं काढलेलं सगळंच सरळ करून दिलं. पंधराव्या वर्षी पोरानं पेन्सिल ठेवली ती ठेवलीच. आता तो नाशकात असतो. फोनवर हवापाण्याचं विचारतो.

"तुझा बोर्ड कुठंय कौसल्या?"

"हॉलमध्ये. भिंतीला लावलाय. का?"

"सहज."

कौसल्याबाई गेल्यावर बाई हॉलमध्ये आल्या. मेलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, नळाखाली धरला आणि चिखल वाहू दिला.

"बाई, अहो बाई!" रविराज सर धावले. "उरलंसुरलं पण घालवताय!"

रंग गेला. खालची पेन्सिल राहिली. पेन्सिल पाण्यानं जात नाही, हे पाचवीच्या पोरालाही माहीत असतं. बाईंनी कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला. उजेड आरपार आला. मुंडासं, खांदा, गुडघा आणि गुडघ्यावरचा हात.

"मोज रविराज. तुला मोजायची आवड आहे."

रविराज सरांनी मोजली. मग बोट लावून परत मोजली.

"पाच," ते म्हणाले.

५

हॉलमध्ये सोळाही मास्तर होते, आणि पंख्याचा आवाज.

"सकाळी हे चित्र मी ओल्या पदरानं घासलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा. "पदर स्वच्छ राहिला. दुपारी नुसतं बोट लावलं तर बोट माखलं. पोरीच्या रंगात फेविकॉल आहे, तो पाण्याला दाद देत नाही. म्हणजे मेलं ते पोरीचं चित्र नाही, ती नक्कल आहे. खरं कुणीतरी उचललं आणि नकलेवर पाणी ओतलं. मेलेलं चित्र कुणी शोधत नाही, म्हणून."

बाईंनी काचेवरचा कागद बोटानं दाखवला.

"नक्कल करायला चित्र हाताशी पाहिजे. पुष्कर आणि बाकीच्यांनी हे चित्र आजच पाहिलं, ते सुटले. उरले तिघं. गोकुळ, रविराज, कौसल्या. आता बोटं बघा. नक्कल करणाऱ्यानं पाच काढली. गोकुळ त्या हातची तंबाखू खातो. त्यानं कधीच पाच काढली नसती. रविराजला चार दिसली, तीही सगळ्या गावाला ओरडून सांगितली. घरात पाच बोटांची नक्कल तयार असती तर चारची बोंब त्यानं कशाला मारली असती?"

रविराज सरांनी पहिल्यांदाच श्वास सोडला.

"एकच माणूस म्हणाला की पाच असतील. आणि बघायला उठला नाही. सगळे उठले, तो बसून राहिला. कारण त्यानं ते चित्र दोन दिवस घरी समोर ठेवून रेघ न् रेघ उतरवलं होतं. तरी त्याला चार दिसली नाहीत. आपलं असंच असतं. पोराच्या चित्रात कमी दिसलं की आपला हात आपल्याला न विचारता भरून टाकतो. वीस-वीस वर्षं आपण हेच केलंय. हात फिरवून देतो म्हणतो आणि वर पोराचं नाव टाकतो."

"पुरावा काय आहे?" कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"तुझा बोर्ड."

बोर्ड भिंतीला उभा होता. त्यावर कोरा पांढरा कागद, चारी बाजूंनी नवी गमटेप.

"प्रात्यक्षिक सकाळीच संपलं. मग हा कागद कशासाठी लावलास?" बाईंनी मधोमध बोटानं टिचकी मारली. ढोलकी वाजली नाही. कागद सैल हालला. "आणि कोरडा लावलास. तू, कौसल्या! कोरडा लावणाऱ्याला वर्गात उभं करणारी. न भिजवता का लावलास? कारण खाली काहीतरी होतं, आणि ते भिजलं तर वाहून जाईल अशी तुला भीती होती. तुला बिचारीला फेविकॉलचं माहीतच नव्हतं. ओला लावला असतास तरी त्याला काही झालं नसतं."

त्यांनी पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड घेतलं आणि टेप कापली. कोरा कागद घरंगळला.

खाली दत्तोबा बसलेला होता. चार बोटं गुडघ्यावर.

गोकुळ सरांच्या तोंडून नुसता हुंकार निघाला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला," कौसल्याबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत. "तीन वर्षं. दर रविवारी. माझ्या पोरीला सगळं येतं. छाया, प्रकाश, जलरंग, सगळं. फक्त चित्र येत नाही. आणि ही कळसची पोरगी कुठल्या क्लासला न जाता... पाकीट उघडलं आणि हे निघालं. मी दोन रात्री नुसती बघत बसले होते."

"इराला माहीत आहे?"

"तिला म्हटलं, एक मोठं चित्र मी देते तुझ्यासाठी."

"काय म्हणाली?"

कौसल्याबाईंनी घरंगळलेला कोरा कागद उचलून गुंडाळायला घेतला.

"म्हणाली, बरं."

एवढंच. पोरीला कुणाचं म्हणून विचारावंसंही वाटलं नाही, कारण लहानपणापासून तिची सगळी चित्रं अशीच पुरी झाली होती. आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. हॉलमधल्या कुणालाच नाही. पंधरा जण खाली मान घालून आपापली बोटं बघत होते.

६

"बाई, चित्र मिळालं ना?" रविराज सर खिडकीपाशी हळूच म्हणाले. "आता वीस वर्षांची नोकरी आहे तिची. आपापसात मिटवू. फॉर्ममध्ये 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले' एवढं लिहा."

मंदाकिनीबाईंनी फॉर्म घेतला. तीन ओळी पुरल्या नाहीत, त्यांनी मागं पान उलटवलं. कुणाचं चित्र, कुणी उचललं, कुठं सापडलं, कोण मिटवा म्हणालं, सगळं नावांनिशी लिहिलं. मग पुढचं पान परत सुलटं केलं. 'आपण काय शिकलात?' या प्रश्नाखाली लिहिलं: दत्तोबाच्या हाताला चार बोटं आहेत.

"माझंही नाव?" रविराज सर वाचून म्हणाले. "बाई, हे वर जाईल."

"म्हणून तर लिहिलं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती, उत्तर होतं. गोकुळ सरांनी पेन मागून घेतलं आणि बाईंच्या खाली सही केली. मग पुष्करनं केली. बाकीच्यांना अचानक एसटीची आठवण झाली.

तीनला कळसची ती पोरगी, स्वरूपा, आली. कॉलेजचा ड्रेस, चपलांना वाटेवरची माती. वर काय घडलं याची तिला गंधवार्ता नव्हती, आणि गोकुळ सरांना सांगताही येईना. तिनं चित्र टेबलावर पसरलं, कडा तपासल्या, मुंडाशावर हात फिरवून बघितला. मग मार्कांच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. चाळीसची वाचून तिचा चेहरा उतरला.

"सर, हितं ल्ह्यलंय बोटं चार म्हणून. मुंबईत बी मार्क जात्याल?"

"न्हाय गं..." गोकुळ सर मंदाकिनीबाईंकडं बघू लागले.

"तुमी मोठ्या बाई ना?" पोरगी त्यांच्याकडं वळली. तिनं कंपासमधून ब्रश काढला, पाण्यात बुडवला आणि दांड्याकडून पुढं केला. "आज्जा म्हणत हुताच, काढ म्हणून. माजा हात जाईना. तुमी एकदा हात फिरवता का बाई? लई बारीक न्हाय, नुसतं वाटंल इतकंच."

ब्रश समोर होता. टोक नीट झालेलं, एक थेंब लोंबत. त्या थोटकावर काय करायचं ते बाईंच्या बोटांना नेमकं ठाऊक होतं. तीन फटकारे. ती बोटं हलली सुद्धा. तपकिरी रंग अजून नखात होता.

बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्यानं तो घट्ट धरून ठेवला.

"माझा हात चालत नाही आता," त्या म्हणाल्या. "गुंडाळ ते. गाडी चुकेल."